प्रचार थांबल्यानंतरचे ते दोन दिवस

पुढच्या निवडणुकीआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, अशी हात जोडून विनंती आहे. जाहीर प्रचार संपल्यापासून मतदान होईपर्यंत मोबाइलवर जी ऑडिओ क्लिप येईल, जो व्हिडिओ येईल, त्यावरून मत फिरवायचं नाही आणि तो पुढे पाठवायचाही नाही. उमेदवार आवडीचा असो की नावडीचा, क्लिप मेहुण्याने पाठवलेली असो की पक्षाच्या तालुकाध्यक्षाने, नियम एकच. आवाज हुबेहूब असेल, पार्श्वभूमीला पंख्याची घरघर ऐकू येत असेल, मधेच कोणी खोकत असेल, तरीही.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो, ते स्लोवाकियात घडलेल्या गोष्टीवरून कळेल. मध्य युरोपातल्या त्या छोट्या देशात ३० सप्टेंबर २०२३ रोजी संसदेसाठी मतदान होतं. दोन दिवस आधी एक संभाषण फिरू लागलं. एक आवाज होता प्रोग्रेसिव्ह स्लोवाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का यांचा, दुसरा मोनिका तोदोवा या नावाजलेल्या पत्रकार बाईंचा. निवडणुकीत गडबड कशी करायची, रोमा समाजाची मतं कशी विकत घ्यायची, असं दोघं बोलत असल्याचं ऐकू येत होतं. दोघांनी तत्काळ सांगितलं की हे बोलणं झालेलंच नाही. तपासणाऱ्यांनाही त्यात यंत्राच्या कारागिरीच्या खुणा सापडल्या. पण स्लोवाकियात मतदानाआधी ४८ तास नेत्यांनी आणि वृत्तमाध्यमांनी प्रचाराबाबत गप्प राहायचं असतं. खोटं बोलणारा मोकळा आणि उत्तर देणारा बांधलेला, अशी ती वेळ होती. शिमेच्का यांचा पक्ष दुसरा आला, रॉबर्ट फित्सो यांचा पहिला. त्या एका क्लिपने निकाल फिरवला असं छातीठोकपणे कोणालाच म्हणता येणार नाही, मीही म्हणत नाही. पण ज्याने ती सोडली त्याने वेळ मात्र अचूक निवडली होती.

तशीच वेळ आपल्याकडेही असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १२६ व्या कलमानुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचाराला बंदी आहे. प्रचाराच्या तोफा थंडावल्या, असं वर्तमानपत्रं त्या दिवशी छापतात. मतदाराला कोलाहलापासून दूर बसून शांतपणे विचार करता यावा, हा त्यामागचा हेतू. मतदानाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर तीसुद्धा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडून आधी तपासून घ्यावी लागते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आवाजाला मात्र कोणाचीही सही लागत नाही.

महाराष्ट्राने हे अनुभवलेलं आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबला. १९ च्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज म्हणून बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या काही क्लिप बाहेर आल्या. भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवरूनही त्या प्रसारित झाल्या. दोघांनी आरोप फेटाळले, सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यतपासणी करणाऱ्यांनी क्लिप यंत्राने घडवल्याची दाट शक्यता नोंदवली. पण तोवर सकाळ झाली होती आणि लोक केंद्रांवर रांगेत उभे होते.

दुसऱ्या बाजूनेही असंच घडलं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, अमित शहा यांच्या भाषणाची मोडतोड केलेली चित्रफीत फिरली. मूळ भाषणात ते मुस्लिमांच्या आरक्षणाविषयी बोलत होते. कापून जोडलेल्या फितीत ते अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांचं आरक्षण काढण्याची भाषा करताना दिसत होते. काँग्रेसच्या काही मंडळींनी ती पसरवली, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता लागलीच नव्हती, साधी कापाकापी पुरली. त्याच महिन्यात आमिर खान आणि रणवीर सिंग राजकीय मतं मांडत असल्याचे बनावट व्हिडिओ फिरले आणि दोघांनाही तक्रार द्यावी लागली. म्हणून माझी विनंती कुठल्या एका पक्षाच्या मतदाराला नाही. ज्याला आपलं मत आपलं राहावं असं वाटतं, त्या प्रत्येकाला आहे.

आता अशी बनावट क्लिप करायला खर्च तरी किती लागतो, ते पाहा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २३ जानेवारी २०२४ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक मतदान होतं. दोनच दिवस आधी हजारो घरांत फोन वाजले. पलीकडून अध्यक्ष जो बायडन यांचा आवाज सांगत होता की या मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. बोलण्यात बायडन यांच्या नेहमीच्या तोंडचा शब्दही पेरलेला. फोनवर दिसणारा नंबर त्यांच्याच पक्षाच्या एका स्थानिक ज्येष्ठ कार्यकर्तीशी जोडलेला. सगळं घरचं वाटावं असं. हे घडवणारा राजकीय सल्लागार पुढे समोर आला. आवाज तयार करून देणाऱ्या माणसाने सांगितलं की या कामाचे आपल्याला १५० डॉलर मिळाले. म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे साडेबारा हजार रुपये. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या उमेदवाराच्या बॅनरवर याहून जास्त खर्च होतो.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने त्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि यंत्राने बनवलेल्या आवाजातले असे आपोआप लागणारे फोन बेकायदा ठरवले. फौजदारी खटल्यात मात्र जून २०२५ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. यातून मी एवढंच घेतो की कायदा येतो, पण मतदान होऊन गेल्यावर येतो. आणि त्या प्रकरणात करणारा, करवून घेणारा आणि ऐकणारा, तिघंही एकाच देशात होते. क्लिप एका देशात बनली, दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर चढली आणि तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या ॲपवरून आपल्या घरात आली, तर आपल्या निवडणूक आयोगाचा हात किती लांब पोचणार? म्हणून हा प्रश्न एकट्या देशाचा उरत नाही.

जगातल्या सरकारांना हे कळलेलं नाही असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडात ब्लेचली इथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर बोलायला २८ देश आणि युरोपीय संघ एकत्र बसले. एकाच जाहीरनाम्यावर अमेरिका, चीन आणि भारत अशी नावं आली. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षित आणि विश्वासार्ह असावी असा ठराव मतदान न घेता, एकमुखाने मंजूर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आमसभेने ४० तज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ आणि सर्व देशांचा संवाद असं दोन्ही उभं करायचं ठरवलं. त्या संवादासाठी २०२६ मध्ये जिनिव्हा आणि २०२७ मध्ये न्यूयॉर्क ठरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला झालेल्या अशाच परिषदेचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं, पण तिथल्या निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही.

या सगळ्याला मी कमी लेखत नाही. देश बोलत राहिले पाहिजेत. पण यातलं काहीही कुणावर बंधनकारक नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. कंपन्यांचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्युनिकला गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ओपनएआय, टिकटॉक, एक्स अशा २० कंपन्यांनी निवडणुकीतली फसवी सामग्री रोखण्याचा करार केला. तो त्यांनी स्वखुशीने केला होता आणि न पाळल्यास त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

ज्यांना खरोखर दात आहेत असे नियम देशांनी आपापल्या घरात केले. दक्षिण कोरियाने मतदानाआधीचे ९० दिवस प्रचारात असे बनावट व्हिडिओ वापरण्यावर बंदी घातली. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद किंवा पाच कोटी वॉनपर्यंत दंड. ब्राझीलच्या निवडणूक न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारातले डीपफेक सरसकट बंद केले, आणि ते वापरणाऱ्या उमेदवाराची उमेदवारी किंवा निवडून आल्यावरची जागासुद्धा जाऊ शकते असं ठरवलं. मला हा ब्राझीलचा मार्ग सर्वांत परिणामकारक वाटतो. दंड भरायला पक्षाकडे पैसे असतात, पण मिळालेली जागा कोणाला गमवायची नसते. युरोपात तर सप्टेंबर २०२४ पासून लोकशाही आणि मानवी हक्कांच्या रक्षणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा एक बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला आहे. युरोपबाहेरच्या देशांनाही त्यात येता येतं.

नियम असूनही ते वेळेत हलले नाहीत तर काय होतं, हे रोमानियाने भोगलं. तिथे २४ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदाची पहिली फेरी झाली आणि फारसं कोणी गृहीत न धरलेले कॅलिन जॉर्जेस्कू पहिले आले. त्यांनी प्रचारावर शून्य खर्च दाखवला होता. टिकटॉकवर मात्र त्यांच्या चित्रफितींचा पूर आलेला होता. गुप्तचर खात्याची कागदपत्रं उघड झाली, त्यात ठरवून एकत्र चालवलेल्या खात्यांचा उल्लेख होता. ६ डिसेंबरला, दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले असताना, घटनात्मक न्यायालयाने अख्खी निवडणूक रद्द केली. परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं मतदान तेव्हा सुरूही झालेलं होतं. फेरनिवडणूक मे २०२५ मध्ये झाली आणि निकुशोर दान निवडून आले. न्यायालयाचा निर्णय योग्य होता की नव्हता यावर तिथे आजही भांडण आहे. पण ज्यांनी प्रामाणिकपणे रांगेत उभं राहून मत दिलं, त्यांचंही मत पुसलं गेलं, याबद्दल दुमत होऊ शकत नाही. निवडणूक आधी राखता आली नाही म्हणून ती मागाहून मोडावी लागली.

आपला आयोग गप्प बसलेला नाही. ६ मे २०२४ रोजी, लोकसभेचं मतदान चालू असतानाच, त्याने पक्षांना बजावलं की बनावट सामग्री लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढून टाका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचारचित्रावर किमान १० टक्के जागेत तशी सूचना हवी, आणि ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळेत ती ऐकू आली पाहिजे. सूचना चांगली आहे. पण ती पक्षांना आणि उमेदवारांना आहे. पक्षाचं नाव न लावता, कुठल्याशा नंबरावरून रात्री अकराला सोडलेल्या क्लिपला ती लागू करायची कशी? एका फोनवर वाजणारा आवाज दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केला की सुरुवातीची सूचना गळून पडते. चित्राच्या पोटात लपवलेली खूण ॲपवरून पाठवताना बऱ्याचदा निघून जाते. आणि बनावट आवाज ओळखणारी तपासयंत्रं मुख्यतः इंग्रजीवर आणि स्वच्छ ध्वनिमुद्रणावर घडलेली आहेत. चार वेळा फॉरवर्ड होऊन घासलेल्या वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोंकणी बोलण्यापुढे ती चाचपडतात. तुमच्या कानालाही फरक कळणार नाही, हे मान्य करून टाका. बोटं मोजा, डोळ्यांची उघडझाप बघा, असल्या युक्त्या आता जुन्या झाल्या. दरवर्षी यंत्रं सुधारतात आणि त्या युक्त्या निरुपयोगी होतात. आपल्या हातात राहतो तो फक्त वेळ आणि पुढे पाठवण्याचं बटण.

याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे, आणि त्यात पडणारी माणसं मला रोज भेटतात. ‘आता काय, सगळंच खोटं,’ म्हणून ती मोकळी होतात. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाचे अध्यक्ष अली बोंगो २०१८ च्या अखेरीस आजारी होते. नववर्षाच्या भाषणाची त्यांची चित्रफीत आली, चेहरा थोडा विचित्र दिसत होता. ती बनावट असल्याची कुजबुज वाढली. ७ जानेवारी २०१९ ला लष्करातल्या एका गटाने सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. चित्रफीत बनावट होती याचा पुरावा कधी मिळाला नाही. नुसत्या संशयानेही देश हादरू शकतो. शिवाय सगळंच खोटं मानलं की सर्वांत सुखी होतो तो खरोखर लाच घेताना पकडला गेलेला माणूस. त्याला एवढंच म्हणायचं असतं, की हे एआयचं काम आहे.

आणि या तंत्राचा प्रत्येक वापर फसवणुकीचाच असतो असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीत पंतप्रधानांचं हिंदी भाषण समोर बसलेल्या तमिळ पाहुण्यांना भाषिणी या भाषांतर यंत्रणेतून तमिळमध्ये ऐकवलं गेलं. त्याच महिन्यात पाकिस्तानात तुरुंगात असलेल्या इम्रान खान यांचं भाषण त्यांच्या पक्षाने यंत्राच्या आवाजात सादर केलं आणि तो आवाज यंत्राचा आहे हे स्वतःच सांगितलं. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की आपण काय ऐकतो आहोत. माझा आक्षेप न सांगता केलेल्या सोंगाला आहे.

‘पण क्लिप खरी असली तर? शेवटच्या दोन दिवसांतच खरं बाहेर आलं तर?’ असं कोणीही विचारेल. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं: ज्याच्या हाती उमेदवाराविरुद्ध खरा पुरावा आहे, त्याने तो प्रचार चालू असताना, समोरच्याला उत्तर देता येईल अशा वेळी मांडावा. जो तो शेवटच्या रात्रीपर्यंत उशाखाली दाबून ठेवतो, त्याला तुम्हाला माहिती द्यायची नसते, तुमचं मत पळवायचं असतं. एखाद्या जबाबदार वर्तमानपत्राने स्वतःच्या नावावर, दुसऱ्या बाजूला विचारून बातमी दिली तर ती वाचा, तिचा विचार जरूर करा. तिथे चूक झाली तर जाब विचारायला एक पत्ता असतो. निनावी क्लिपला तो नसतो. यात क्वचित एखादी खरी गोष्ट आपल्याकडून निसटेल, हे मला मान्य आहे. तरीही मी हाच सौदा करेन, कारण दर निवडणुकीला पुन्हा पुन्हा फसण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

आपल्यासारख्या माणसांनी काय होणार, असं म्हणू नका. साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८ चा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला त्या आदिवासी गावात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत जिल्ह्यात मोबाइलवरून फिरत होते. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. देशभर त्या काळात अशा हत्या झाल्या. तेव्हा फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जागृतीपटाची होती, शेवटचा खुलासा कापून टाकलेली. सीमा ओलांडून आलेल्या, अर्धवट कापलेल्या गोष्टीने इथे माणसं मेली, आणि तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचं कोणी नावही घेत नव्हतं.

त्या हत्यांनंतर भारतातून दबाव वाढला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आज ब्राझीलमधला किंवा जर्मनीतला माणूस ती मर्यादा पाळतो आहे, तिची सुरुवात आपल्याकडच्या मृत्यूंनी झाली. कुठल्याही जागतिक परिषदेने ती घडवली नव्हती. लोकांनी, वृत्तपत्रांनी आणि सरकारने धरून ठेवलं म्हणून कंपनी हलली. तेव्हा जे जमलं ते माणसं गेल्यावर जमलं; आता त्याआधी जमवायचं आहे.

त्यासाठी मत मागायला येणाऱ्यांना नेमकं विचारा. गोव्यात २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक अपेक्षित आहे, तिथल्या वाचकांना ही संधी लवकर मिळेल. प्रचार थांबल्यानंतर तुमच्या पक्षाच्या कोणत्याही खात्यावरून प्रतिस्पर्ध्याची नवी क्लिप टाकणार नाही, असं लिहून देता का, हा पहिला प्रश्न. तुमच्या नावाने खोटी क्लिप फिरली तर खुलासा कुठे बघायचा, तो एकच ठरलेला नंबर किंवा खातं आधीच जाहीर करता का, हा दुसरा. खासदार भेटले तर आणखी विचारा: जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या त्या संवादात भारत काय मागणार आहे? माझ्या मते तीन मागण्या आपण लावून धरायला हव्यात. बनावट सामग्रीवरची खूण एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर जाताना टिकली पाहिजे. मोठ्या कंपन्यांनी निवडणुकीच्या काळात मराठी, कोंकणी आणि इतर भारतीय भाषा जाणणारी माणसं रात्रंदिवस बसवली पाहिजेत. आणि देशोदेशीच्या निवडणूक आयोगांमध्ये अशी थेट वाट हवी, की क्लिपचा उगम दुसऱ्या देशात असेल तर महिन्यांत नव्हे, काही तासांत मदत मिळेल.

हे मागताना एक सावधगिरी. खरं काय आणि खोटं काय हे ठरवायचा अधिकार एकट्या सरकारच्या हाती देऊ नका, सरकार कोणाचंही असो. केंद्र सरकारने आपल्याविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवणारा स्वतःचाच तपासणी विभाग नियमांत आणला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. व्यंग्यचित्र, नक्कल, विडंबन यांना जागा राहिलीच पाहिजे. नेत्याची नक्कल करणारा कलाकार समोर उभा असतो, त्याचं नाव असतं, आणि बघणाऱ्याला ती नक्कल आहे हे कळत असतं.

बाकीचं घरातलं आहे. सोसायटीच्या, भावकीच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर प्रचार थांबण्याच्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर लिहा, की मतदान होईपर्यंत इथे उमेदवारांच्या क्लिप टाकू नयेत. शक्य असेल तर तेवढे दोन दिवस फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय करून ठेवा. काका-मावशींना सर्वांसमोर खोडून काढू नका. ते दुखावतात आणि पुढच्या वेळी जास्त जोराने पाठवतात. वेगळा फोन करा, ‘ही तुम्हाला कुणाकडून आली?’ एवढंच विचारा, आणि त्या माणसालाही तेच विचारायला सांगा. दोन-तीन पायऱ्यांवर उत्तर ‘माहीत नाही’ असं येतं, आणि ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. न्यू जर्सीत, दुबईत, लंडनमध्ये असलेल्या आपल्या माणसांनाही सांगा. त्यांच्यातल्या अनेकांना इथे मत नाही, पण इथल्या ग्रुपवर ते असतात. परदेशातला शिकलेला मुलगा पाठवतोय म्हणजे खरंच असणार, असं मानणारे आईवडील घरोघर आहेत.

तक्रार करायची तर मतदार मदत क्रमांक १९५० आहे. मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या माध्यम समितीकडे लेखी देता येतं. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तक्रार तिकडे जायला हवी. केंद्रीय निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप पैसे किंवा दारू वाटताना दिसली तर फार उपयोगी आहे, पण त्यात ॲपमधूनच टिपलेलं चित्र लागतं, आलेलं फॉरवर्ड त्यातून पाठवता येत नाही. संशयित क्लिप तपासायला ‘डीपफेक्स ॲनालिसिस युनिट’ची व्हॉट्सॲप सेवा मार्च २०२४ पासून आहे. तिचं उत्तर मतदानाआधी येईलच असं नाही, पण त्याने क्लिपची नोंद तरी होते.

आणि रागाच्या भरात क्लिप डिलीट करू नका. पुढे पाठवायची नाही याचा अर्थ पुसायची असा नाही. ज्या नंबरवरून आली तो नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेसेज आहे तसा राहू द्या. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं, ते प्रतिस्पर्धी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने झालं असेल तर, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार ठरतं आणि त्यावरून निवडही रद्द होऊ शकते. लोकसभा किंवा विधानसभेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करण्याची मुदत ४५ दिवसांची आहे, आणि ती फक्त हरलेल्या उमेदवारालाच नाही, त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदाराला करता येते. तेव्हा त्या मुदतीपर्यंत तरी तो मेसेज फोनमध्ये जपून ठेवा, आणि फोन बदलणार असाल तर आधी त्याची प्रत काढून घ्या.